फिशमीलला पर्याय : गोड्या पाण्यातील माशांच्या खाद्यात दुसरी प्राणिज प्रथिने कशी बसवावीत

फिशमील, म्हणजे मासळी शिजवून, वाळवून दळलेली भुकटी, महागले किंवा मिळेनासे झाले की खाद्य बनवणारा त्याऐवजी काय घालता येईल ते शोधू लागतो आणि शोधताना बहुतेकदा पोत्यावरचा प्रथिनांचा आकडाच पाहतो. ६० टक्क्यांचे फिशमील काढून ६० टक्क्यांचे पोल्ट्री मील घातले की कागदावरचा हिशेब जुळतो. पण दीड-दोन महिन्यांनी वजन करायला मासे काढले की ते मागे पडलेले दिसतात. पोत्यावरचा आकडा म्हणजे प्रयोगशाळेत मोजलेला नायट्रोजन गुणिले ६.२५, एवढेच. त्यातले किती पचेल आणि पचलेल्या भागात लायसिन, मेथिओनिन ही अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) किती असतील, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

फिशमीलची जागा एकटा कोणताही पदार्थ घेऊ शकत नाही. दोन-तीन पदार्थ असे निवडावे लागतात की एकाची उणीव दुसरा भरून काढेल, आणि तरीही जे कमी पडेल ते शुद्ध अमिनो आम्लाने पुरे करावे लागते. हे करण्याची रीत पुढे क्रमाने दिली आहे.

ही तयारी टंचाई येण्याआधीच करून ठेवावी. एक किलो फिशमीलसाठी साधारण चार ते पाच किलो ताजी मासळी लागते. जगात सर्वांत जास्त फिशमील पेरू देश बनवतो, तेही जवळजवळ सगळे अँकोव्ही या एकाच माशापासून. १९७२-७३ च्या एल निनोत ही मासेमारी कोसळली. २०२३ मध्ये पेरूच्या उत्तर-मध्य किनाऱ्यावरचा पहिला हंगाम रद्द झाला. अशा वेळी घाईत बदललेले सूत्र हमखास चुकते.

पहिली पायरी : मासा कोणता, त्याचे पोट कसे

रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, गवत्या या कार्प कुळातल्या माशांना जठर नसते. अन्न थेट आतड्यात जाते आणि आम्लाचा टप्पा येतच नाही. म्हणून हाडातला फॉस्फरस त्यांना जवळजवळ निरुपयोगी ठरतो. हाडांचे प्रमाण जास्त असलेले मील घालून प्रयोगशाळेच्या अहवालात फॉस्फरस भरपूर दिसला, तरी कार्पच्या बोटुकलीत (बोटाएवढ्या पिलांत) त्याच्या कमतरतेची लक्षणे दिसू शकतात. तिलापिया, मागूर, पंगस, मरळ आणि ट्राउट यांना आम्लयुक्त जठर असते. त्यांना हाडातला फॉस्फरस बऱ्यापैकी मिळतो.

दुसरा मुद्दा वयाचा. रोहू, कटला, तिलापिया विक्रीच्या वजनाकडे वाढत असताना २८ ते ३० टक्के प्रथिनांचे खाद्य पुरते आणि त्यात प्राणिज प्रथिने पाच टक्क्यांपेक्षा जास्त घालण्याची गरज सहसा नसते. मातीच्या तळ्यात प्लवकांतूनही त्यांना प्राणिज प्रथिने मिळत असतात. प्राणिज प्रथिनांवरचा खर्च मत्स्यजिरे, बोटुकली, प्रजननाचे मासे आणि मरळ, मागूर, ट्राउट यांसारखे मांसाहारी मासे यांच्यासाठी राखून ठेवावा. मागूरला ३५ ते ४० टक्के, ट्राउट आणि मरळ यांना ४० ते ४५ टक्के प्रथिने लागतात. खाद्यात लायसिन किती हवे तेही माशागणिक बदलते. तिलापियाला सुमारे १.६ टक्के, सायप्रिनसला २.२, रोहूला २.३, ट्राउटला २.४. मेथिओनिन मात्र या सगळ्यांना ०.७ टक्क्याच्या आसपास लागते. हे आकडे पचणाऱ्या भागाचे समजावेत.

दुसरी पायरी : प्रत्येक पदार्थाची ओळख

तुलनेसाठी आधी फिशमील पाहू. चांगल्या मालात प्रथिने ६० ते ७० टक्के, प्रथिनांतले लायसिन साधारण ७.५ टक्के, मेथिओनिन २.७ टक्के आणि पचनीयता ८५ ते ९० टक्के असते.

*पोल्ट्री मील.* कोंबड्यांच्या कत्तलीनंतर उरलेली आतडी, मुंडकी, पाय, हाडे शिजवून, तेल काढून, वाळवून दळलेला हा माल. प्रथिने ५८ ते ६५ टक्के, तेल १२ ते १४, राख (जाळल्यावर उरणारी खनिजे) १२ ते १८. प्रथिनांतले लायसिन साडेपाच टक्क्यांच्या आसपास, मेथिओनिन १.९. पर्याय म्हणून सुरुवात करायची तर याच्यापासूनच करावी. प्रमाण १० ते १५ टक्के, चांगला माल असेल तर मांसाहारी माशांना २० टक्क्यांपर्यंत चालते. राख १८ टक्क्यांच्या वर गेली तर हाडे जास्त आणि मांस कमी आहे असे समजून माल परत करावा.

*मांस-हाडांचे मील.* प्रथिने ४८ ते ५२, राख ३० टक्क्यांच्या आसपास. यात कॅल्शियम भरमसाट असते आणि ते जस्ताच्या शोषणात आडवे येते. पाच ते आठ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. गुरांपासून बनलेल्या मालाचा प्रश्न वेगळा आहे. बीएसई या मेंदूच्या रोगामुळे युरोपीय संघाने २००१ मध्ये पाळीव प्राण्यांच्या खाद्यातली प्रक्रिया केलेली प्राणिज प्रथिने जवळपास सगळी बंद केली. रवंथ न करणाऱ्या प्राण्यांची प्रथिने मत्स्यखाद्यात २०१३ मध्ये आणि कीटकांची २०१७ मध्ये पुन्हा खुली झाली. मासे निर्यात होणार असतील तर घेणाऱ्या देशाचा नियम आधी पाहावा. मूळ प्राणी कोणता ते पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.

*ब्लड मील.* प्रथिने ८५ ते ९० टक्के आणि त्यात लायसिन जवळपास ९ टक्के. पोल्ट्री मीलची लायसिनची उणीव हे थोडक्यात भरते. पण आयसोल्युसिन जेमतेम एक टक्का आणि ल्युसिन ११-१२ टक्के असा टोकाचा असमतोल त्यात आहे. म्हणून २ ते ५ टक्केच. माल फवारा पद्धतीने किंवा गरम हवेच्या झोतात झटपट वाळवलेला असावा. कढईत तासन्‌तास तापवलेल्या मालात प्रथिनांचा आकडा तेवढाच राहतो आणि लायसिनची पचनीयता ढासळते. चांगला माल गडद तांबूस दिसतो. काळाकुट्ट आणि करपट वासाचा असेल तर घेऊ नये.

*फेदर मील.* प्रथिने ८० टक्क्यांच्या वर म्हणून मोह होतो. कच्च्या पिसातले केराटिन मात्र माशाला पचत नाही. दाबाखाली वाफ देऊन ते फोडावे लागते आणि ते घरच्या भट्टीत होत नाही. पेप्सिन पचनीयता (पेप्सिन या पाचक विकराने प्रयोगशाळेत मोजलेली) ७५ टक्क्यांच्या वर असल्याचा अहवाल असेल तरच ३ ते ५ टक्के घालावे. लायसिन फार कमी, सिस्टिन भरपूर. मेथिओनिनची काही गरज सिस्टिन भागवते, म्हणून ब्लड मीलबरोबर त्याची जोडी जमते.

*ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या (बीएसएफ).* तेलासकट वाळवलेल्या अळीत प्रथिने ४० ते ४४ आणि तेल ३० टक्क्यांच्या आसपास, तेल काढल्यावर प्रथिने ५० ते ६० टक्के. यातला थोडा नायट्रोजन कवचातल्या कायटिनचा असतो. त्यामुळे ६.२५ ऐवजी ४.७६ ने गुणणे योग्य, म्हणजे अहवालातले ५० टक्के प्रत्यक्षात सुमारे ३८ भरतात. माशांना चव आवडते ही मोठी जमेची बाजू. ५ ते १० टक्के निर्धास्त घालता येते. १५ च्या पुढे जायचे तर आधी चाचणी घ्यावी.

*रेशीम प्यूपा.* धागा काढल्यावर उरलेला प्यूपा. तेलासकट प्रथिने ५० ते ५५, तेल काढल्यावर ७० च्या पुढे, आणि मेथिओनिन चांगले. मात्र तेल २५ ते ३० टक्के असते आणि ते फार लवकर खवट होते. जपानमध्ये खवट प्यूपा खाऊ घातलेल्या कार्प माशांच्या पाठीचे स्नायू झिजत असत. या रोगाला तिथे सेकोके म्हणतात. खाद्यात ई जीवनसत्त्व वाढवल्यावर तो टळतो. तेल काढलेला प्यूपा १० टक्क्यांपर्यंत, तेलासकट ५ टक्क्यांपर्यंत घालावा. मांसाला वास उतरू नये म्हणून काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी बंद करावा.

गांडूळ, मीलवर्म, गोगलगाय, कोळंबीची डोकी हे पदार्थ थोड्या प्रमाणात उपयोगी आहेत, पण एकसारखा माल सातत्याने मिळत नाही. गांडूळखतात वापरली जाणारी आयसेनिया फेटिडा ही जात कच्ची देऊ नये. तिच्या अंगातला द्रव माशांना अपायकारक असतो. उकळत्या पाण्यातून काढून मगच वाळवावी. कोळंबीच्या डोक्यांत राख आणि कायटिन जास्त, त्यामुळे ती प्रथिनांसाठी नको, चवीसाठी ३-४ टक्के घालावीत.

तिसरी पायरी : माल दारात आल्यावर

पोती उतरवण्याआधी दर दहा पोत्यांमागे एका पोत्याच्या मधून आणि तळातून नमुना काढा. वरचा मूठभर माल पाहून काही कळत नाही.

नमुना हातात घासून वास घ्या. जुन्या तेलाचा, ऑइलपेंटसारखा उग्र वास म्हणजे खवटपणा, आणि अमोनियाचा वास म्हणजे माल शिजण्याआधीच सडलेला होता. मुठीत दाबल्यावर गोळा तसाच राहिला तर ओलावा किंवा तेल जास्त आहे.

वाळूची भेसळ पाहायला एक चमचा माल ग्लासभर पाण्यात ढवळून पाच मिनिटे ठेवा. तळाशी बसलेला भाग हाडांचाही असू शकतो, म्हणून वरचे पाणी ओतून त्या गाळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाका. हाड हळूहळू विरघळते, वाळू तशीच राहते.

युरियाची भेसळ प्रथिनांचा आकडा फुगवते. १० ग्रॅम नमुना १०० मिली पाण्यात हलवून गाळा. गाळलेल्या पाण्यात फिनॉल रेड या रंगसूचकाचे काही थेंब टाका. रंग पिवळट असला पाहिजे. आधीच गुलाबी असेल तर थेंबथेंब व्हिनेगर टाकून पिवळा होईपर्यंत आणा. मग चिमूटभर कच्च्या सोयाबीनचे पीठ घाला. भाजलेले चालत नाही, कारण त्यातले युरिएझ विकर मेलेले असते. दहा-पंधरा मिनिटांत रंग गडद गुलाबी झाला तर युरिया आहे. शेजारी खात्रीच्या मालाचा नमुना लावून रंगाची तुलना करा. मेलामाइन या परीक्षेत सापडत नाही. २००७ मध्ये पाळीव प्राण्यांच्या खाद्यातल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये ते मिसळल्याचे उघड झाले. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

नव्या पुरवठादाराच्या पहिल्या मालासाठी प्रयोगशाळेकडून एवढे तरी तपासून घ्या : ओलावा १० टक्क्यांच्या आत, आम्लात न विरघळणारी राख २ टक्क्यांच्या आत, तेलाचे पेरॉक्साइड मूल्य (खवटपणाचे माप) १० च्या आत, २५ ग्रॅम नमुन्यात साल्मोनेला नाही, आणि जमल्यास लायसिन-मेथिओनिन. हा खर्च वाचवून आणलेला स्वस्त माल शेवटी महागच पडतो.

चौथी पायरी : स्वतः प्रक्रिया करायची असेल तर

कोंबडीची कच्ची आतडी, कातडी थेट मागूरच्या तळ्यात टाकण्याची पद्धत सोडून द्यावी. न खाल्लेला भाग कुजतो, चरबीचा तवंग येतो, ऑक्सिजन कोसळतो आणि रोगजंतू माशांतून माणसांपर्यंत येतात. शिजवणे ही किमान अट आहे. तुकडे लहान करून, गाभ्यापर्यंत उकळी पोचल्यावर पुढे किमान तासभर उकळावे. वर आलेली चरबी काढून, निथळून, दाबून पाणी काढावे आणि पातळ थरात वाळवावे. कारखान्यात ५० मिलिमीटरपेक्षा लहान तुकडे १३३ अंश सेल्सिअसला, ३ बार दाबाखाली २० मिनिटे शिजवतात. घरच्या उकळण्याला ती सर येत नाही, म्हणून असा माल साठवू नये, आठवडाभरात संपवावा.

बीएसएफची काढणी अळ्या पांढरट-तपकिरी असतानाच करावी. काळ्या पडू लागल्या की कवच जाड होते आणि कायटिन वाढते. चाळून वेगळ्या केलेल्या अळ्या एक दिवस उपाशी ठेवा म्हणजे पोट रिकामे होते. धुऊन उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटे बुडवा. एक किलो अळ्यांना आठ-दहा लिटर पाणी घ्या, नाहीतर अळ्या पडताच पाणी थंड होते आणि जंतू मरत नाहीत. उकळवल्याशिवाय वाळवल्या तर त्या काळ्या पडतात आणि वाळतही नाहीत. मग ६० ते ६५ अंशांना, मोडल्यावर कट्‌कन तुटेपर्यंत वाळवा. तीन ते साडेतीन किलो ताज्या अळ्यांतून एक किलो सुका माल मिळतो. तो कोमट असतानाच घाण्यातून काढला तर तेल नीट निघते. घाणा नसेल तर अळ्या समभाग भाताच्या कोंड्यात मिसळून दळा. नुसत्या दळल्या तर चक्कीत लगदा होऊन जाळी तुंबते.

अळ्यांना काय खाऊ घालता यावर त्यांची गुणवत्ता ठरते. विष्ठा किंवा कुठून आला हे माहीत नसलेला कचरा वापरू नये. बीएसएफच्या अंगात कॅडमियम साठत जाते आणि ते धुऊन जात नाही.

रक्त स्वच्छ भांड्यात धरून त्याच दिवशी ९० ते ९५ अंशांना तापवून त्याच्या गुठळ्या होऊ द्या. गुठळ्या कापडात बांधून दाबा, भुगा करून पातळ पसरा आणि ७० अंशांच्या आत वाळवा. १०० किलो रक्तातून १५ ते १८ किलो मील मिळते. ऊन कमी असेल तर गुठळ्या कोंड्यात मिसळून वाळवणे चांगले. मात्र सूत्र मांडताना त्या मिश्रणाची प्रथिने वेगळी मोजायला विसरू नका.

मासळी कापल्यावर उरलेली डोकी, आतडी यांचे आम्ल घालून सायलेज, म्हणजे टिकाऊ आंबट लगदा, करता येते. विजेशिवाय माल टिकवण्याची ही एक रीत. कचरा बारीक दळून १०० किलोला ८५ टक्के तीव्रतेचे फॉर्मिक आम्ल ३ ते ३.५ किलो घाला, प्लास्टिकच्या पिंपातच. धातूचे पिंप गंजते. हातमोजे आणि चष्मा लावल्याशिवाय या आम्लाला हात लावू नये. सामू ४ च्या खाली आला पाहिजे. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, कारण हाडे विरघळताना आम्ल खर्च होते आणि सामू परत चढतो. नेमके इथेच बहुतेकांचे सायलेज सडते. रोज ढवळा. उबदार हवेत आठवड्याच्या आत ते पातळ होते. मग ८५ अंशांपर्यंत तापवा, वरचे तेल काढा, कोंड्यात मिसळून वाळवा. तापवणे टाळू नका. गोड्या पाण्यातल्या अनेक माशांत थायमिनेझ असते आणि ते बी-१ जीवनसत्त्व नष्ट करते. ज्या जातीचा कचरा, त्याच जातीच्या माशाला तो खाऊ घालू नये. रोग फिरत राहतो आणि युरोपीय नियमांतही त्याला मनाई आहे.

पाचवी पायरी : सूत्र मांडणे

५ ते २० ग्रॅमच्या तिलापिया बोटुकलीसाठी १०० किलो खाद्याचे उदाहरण घेऊ. जुन्या सूत्रात ६० टक्क्यांचे फिशमील १५ किलो होते. त्यातून प्रथिने ९ किलो, लायसिन सुमारे ६७५ ग्रॅम, मेथिओनिन २४३ ग्रॅम मिळत होते.

त्याऐवजी पोल्ट्री मील १० किलो, ब्लड मील २ किलो आणि तेल काढलेले बीएसएफ मील ३ किलो घालू. प्रथिने अनुक्रमे ६, १.७६ आणि १.५ मिळून ९.२६ किलो. जुन्यापेक्षा जास्तच! लायसिन मात्र ३३०, १५५ आणि ८२ मिळून ५६७ ग्रॅम भरते, आणि मेथिओनिन ११४, २१ आणि २५ मिळून १६० ग्रॅम. म्हणजे लायसिन १०८ आणि मेथिओनिन ८३ ग्रॅम कमी. प्रथिने वाढूनही मासे का मागे पडतात ते इथे दिसते.

एवढी तूट भरून थांबू नका, पूर्ण सूत्राची बेरीज करा :

- सोयाबीन पेंड (४६ टक्के) ३४ किलो
- शेंगदाणा पेंड (४२ टक्के) १४ किलो
- पोल्ट्री मील १० किलो
- बीएसएफ मील ३ किलो
- ब्लड मील २ किलो
- तेल काढलेला भाताचा कोंडा १२ किलो
- गव्हाचे पीठ १४ किलो
- मक्याचे पीठ ५ किलो
- मासळीचे तेल २ किलो, वनस्पती तेल १ किलो
- जीवनसत्त्व-खनिज मिश्रण १.५ किलो
- मोनोकॅल्शियम फॉस्फेट १ किलो
- डीएल-मेथिओनिन २५० ग्रॅम
- एल-लायसिन हायड्रोक्लोराइड १५० ग्रॅम
- उष्णतेत टिकणारे सी जीवनसत्त्व ८० ग्रॅम
- बीएचटी (तेल खवट होऊ न देणारे रसायन) २० ग्रॅम

प्रथिने साडेचौतीस टक्क्यांच्या आसपास बसतात. वरून घातलेली अमिनो आम्ले सोडून लायसिन सुमारे १.८५ टक्के, मेथिओनिन ०.५ टक्के. पचनीयता ८७ टक्के धरली तर लायसिन १.६१, म्हणजे अगदी काठावर. मेथिओनिन ०.४४, म्हणजे ०.७ पासून बरेच दूर. म्हणूनच मेथिओनिन ८३ वर न थांबता २५० ग्रॅम घेतले आहे. पेंडींतही ते कमीच असते आणि फिशमील काढल्यावर ते उघडे पडते. लायसिन हायड्रोक्लोराइडमध्ये शुद्ध लायसिन ७८ टक्केच असते, हेही हिशेबात धरावे.

शेंगदाणा पेंडीत अफ्लाटॉक्सिनचा धोका असतो. तपासणीची सोय नसेल तर तिच्या जागी आणखी सोयाबीन पेंड घाला आणि बेरीज नव्याने करा.

हेच सूत्र कार्पच्या बोटुकलीला जसेच्या तसे चालणार नाही. लायसिन २.२ टक्क्यांच्या पुढे न्यावे लागेल आणि मोनोकॅल्शियम फॉस्फेट दीड ते दोन किलो करावे लागेल. शिवाय जठर नसल्याने सुटी अमिनो आम्ले कार्पच्या रक्तात फार लवकर शिरतात, पेंडीतली प्रथिने पचून येईपर्यंत ती वापरली जाऊन संपतात. आवरण दिलेली अमिनो आम्ले घ्या किंवा तेच खाद्य दिवसातून चार-पाच वेळा विभागून द्या.

सहावी पायरी : दळणे, मिसळणे, गोळी

बोटुकलीच्या खाद्याचा सगळा माल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे. ब्लड मीलच्या गुठळ्या आणि हाडांचे कण वेगळे दळा. अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे, फॉस्फेट हा बारीकसारीक माल आधी दोन किलो गव्हाच्या पिठात मिसळा, मग दहा किलोंत, मग सगळ्यात. थेट मोठ्या ढिगात टाकलेले २५० ग्रॅम मेथिओनिन काही गोळ्यांत दुप्पट आणि काहींत शून्य जाते. तेल सर्वांत शेवटी. बुडणाऱ्या गोळीसाठी २५ ते ३० टक्के पाणी घालून वाफ द्या, गोळी पाडून ६० अंशांच्या आत वाळवा, ओलावा १० टक्क्यांच्या खाली आणा.

फिशमीलच्या तुलनेत पोल्ट्री मील आणि तेलकट अळ्या गोळी कमी बांधतात. दहा गोळ्या पाण्यात टाका. ३० मिनिटांनी हलकेच हलवल्यावर निम्म्याहून जास्त फुटल्या तर गव्हाचे पीठ दोन-तीन किलो वाढवा किंवा तेलकट पदार्थ कमी करा. तरंगत्या खाद्याच्या यंत्रात तेल जास्त झाले की गोळी फुगत नाही आणि बुडते. अशा वेळी तेलाचा काही भाग गोळी वाळल्यावर वरून फवारावा.

तयार खाद्य लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, सावलीत ठेवा. प्यूपा किंवा पोल्ट्री मील असलेले खाद्य सहा आठवड्यांच्या आत संपवा.

सातवी पायरी : पूर्ण तळ्याआधी हापा

दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल असे सहा हापे (जाळीचे पिंजरे) एकाच तळ्यात लावा. प्रत्येकात एकाच आकाराची ४० बोटुकली. तीन हाप्यांत जुने खाद्य, तीनमध्ये नवे. कोणत्या हाप्यात कोणते ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर नवे खाद्य सोयीच्या कोपऱ्यात जाते आणि निकाल वाकडा येतो. वजनाच्या ४ ते ५ टक्के खाद्य तीन वेळांत द्या, दर पंधरा दिवसांनी वजन करून मात्रा बदला. चाचणी आठ आठवडे चालवा. चार आठवड्यांत अमिनो आम्लांची उणीव पुरती दिसत नाही.

निकाल पाहताना खाद्याच्या भावाला खाद्य रूपांतर गुणोत्तराने, म्हणजे एफसीआरने (एक किलो वजन वाढायला लागलेले किलो खाद्य), गुणा. खाद्य १० टक्के स्वस्त झाले पण एफसीआर १.५ वरून १.७ वर गेला, तर ०.९ गुणिले १.७ म्हणजे १.५३. जुना हिशेब १.५ चा होता. म्हणजे स्वस्त खाद्यात मासळी महाग पडली, आणि जास्तीचे खाद्य पाण्यात विष्ठा म्हणून गेले ते वेगळेच.

चाचणी जमली तरी तळ्यातला बदल एकदम करू नये. पाव, निम्मे, पाऊण, पूर्ण असा आठ-दहा दिवसांत करावा. ब्लड मील आणि फेदर मील असलेल्या खाद्याकडे मासे सुरुवातीला पाठ फिरवतात. तीन-चार टक्के बीएसएफ, कोळंबीची डोकी किंवा सायलेज घातले की खाणे परत येते.

काय बिघडले ते कसे ओळखावे

खाणे चांगले आणि वाढ कमी असेल तर लायसिन किंवा मेथिओनिन कमी आहे, किंवा करपलेला माल आला आहे. शेपटी आणि पर झिजत असतील तर लायसिन पाहा. डोळ्यात मोतीबिंदूसारखा पांढरा ठिपका दिसला तर मेथिओनिन किंवा जस्त. पोल्ट्री मीलची राख अलीकडे वाढली आहे का तेही पाहा, कारण जस्त अडवणारे कॅल्शियम त्यातूनच येते. वाकडा कणा, मऊ डोके, आत वळलेली कल्ल्यांची झाकणे यांचा बोटुकलीत पहिला संशय फॉस्फरसवर आणि त्यानंतर सी जीवनसत्त्वावर घ्यावा. मासा चिरल्यावर यकृत पिवळट आणि तेलकट निघाले तर तेल खवट आहे. तो माल त्याच दिवशी थांबवा, कितीही उरलेला असो.

पाणी अचानक हिरवेगार होऊ लागले आणि अमोनिया चढू लागला तर न पचलेले प्रथिन आणि न वापरलेला फॉस्फरस पाण्यात उतरतो आहे. तेव्हा पाणी बदलून भागत नाही. खाद्य एक तृतीयांशाने कमी करा आणि त्या खेपेतल्या प्रत्येक प्राणिज मालाचा राखून ठेवलेला नमुना तपासायला पाठवा. त्यासाठी प्रत्येक खेपेचा अर्धा किलो नमुना, तारीख आणि पुरवठादाराचे नाव लिहून, ते खाद्य खाल्लेले मासे विकले जाईपर्यंत हवाबंद डब्यात ठेवलेला असावा.